धमकीचाही ताप मोजा

३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीतल्या मुलाचा कोयत्याने खून झाला. संशयित मुलेही अल्पवयीनच. निमित्त, गाडीवरून झालेला जुना वाद.

अमेरिकेत शाळांतील ३७ हल्ल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचांपैकी चार घटनांत कुणाला तरी, बहुधा मित्रांना, आधीच कुणकुण लागली होती. इंदापूर-बारामतीकडची मुले एस.टी.ने एकत्र येतात-जातात. स्टँडवरचे भांडण गुरुजींना कळत नाही, मित्रांना कळते.

‘बघून घेतो’ म्हणणारा प्रत्येक मुलगा गुन्हेगार नसतो. अंग तापले की आपण थर्मामीटर लावतो, तसे शिक्षकांनी मुलाला एकांतात विचारावे: राग कशाचा? दिवस, जागा ठरवलीस का? हत्यार आहे का? राग ओसरला असेल तर समज पुरे. बेत किंवा हत्यार असेल तर त्याच दिवशी पालकांना व पोलिसांना कळवावे. नुसता दाखला हातात देऊन राग जात नाही. मूल झोपत नसेल, गप्प झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

आणि मुलांनो, मित्राचा बेत सांगणे म्हणजे चुगली नव्हे. त्याने दोन घरे वाचतात.