सोयाबीनचा पेपर

मुंबईची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली. ज्यांचं नाव तिला आहे, ते जमनालालजी वर्ध्याचे. विदर्भात आयआयएम यायला मात्र २०१५ उजाडलं, तेही नागपुरात.

अशा संस्थांच्या वर्गांत शिकवली जाणारी रणनीती वाशीम जिल्ह्यातल्या कामरगावात दर दिवाळीच्या तोंडावर पणाला लागते: सोयाबीन आता विकायचं, की घरात ठेवायचं? डिसेंबर २०२१ मध्ये ‘सेबी’ने सोयाबीनचे वायदे थांबवले आणि पुढचा भाव आजमावायचं एक साधन गेलं. शेतमालाचा ऑनलाइन बाजार, ई-नाम, २०१६ पासून आहे. पण माल ओला असेल तर पडद्यावरचा भाव काय कामाचा? हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४च्या हंगामात केंद्राने ती १५वर नेली, म्हणजे अडचण दिल्लीलाही कळली म्हणायची.

हार्वर्डने २०१०मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर केस स्टडी केली. तिचं कौतुक अजून ओसरलेलं नाही.

आता तशीच केस स्टडी सोयाबीनवर करायला आयआयएम नागपूरच्या विद्यार्थ्यांनी समृद्धी महामार्गाने वाशीम जिल्ह्यातल्या कारंजापर्यंत यावं. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत एक हंगाम काढावा: गोदामभाडं, तारण कर्जाचं व्याज आणि सभासदांची घाई, तिन्ही एकाच ताळेबंदात बसवून दाखवावीत.