राजीखुशीने व अक्कलहुशारीने

‘हे हक्कसोडपत्र मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले आहे.’ दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढलेल्या असंख्य बायकांनी या वाक्याखाली सही किंवा अंगठा केला आहे. बाप वारला की थोड्याच दिवसांत भाऊ गाडी घेऊन येतो. बहिणीला माहेरी नेतो, गोडाधोडाचे जेवण होते, साडीचोळी होते आणि परतीच्या वाटेवर कचेरी लागते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला वाटा देण्याचे पाऊल उचलले. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो मुलाच्या बरोबरीचा झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलचे उरलेले वादही मिटवले. कायद्याने इतक्या वर्षांत जे दिले ते या एका वाक्याने दुपारच्या आत परत जाते.

या वाक्यातला ‘अक्कलहुशारी’ हा शब्द पाहा. जमीन घेताना, कर्ज काढताना, मुलीचे लग्न ठरवताना या बाईची अक्कल कोणी विचारलेली नसते. ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ हेच तिने जन्मभर ऐकलेले असते. तिला अक्कल आहे, मर्जी आहे, ती स्वतंत्र आहे, हे घराला प्रथम मान्य होते ते तिच्याकडून काही सोडवून घेताना.

माणसाला खरोखर इच्छास्वातंत्र्य असते का, या प्रश्नावर विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. आपल्याकडे कर्मसिद्धान्ताने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले: आजचे भोग हे गेल्या जन्मीच्या कर्माचे फळ. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला की, हात हलवण्याची इच्छा माणसाला जाणवते त्याच्या सुमारे तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली असते. त्याचा अर्थ काय यावर तज्ज्ञांचे भांडण अजून चालू आहे. ते चालू द्या. हात हलवण्याआधी मेंदूत काय घडले हे त्या यंत्राला कळेल, पण कागदावर टेकलेला अंगठा कोणी धरला आहे हे त्याला दिसणार नाही. आपला प्रश्न तिथून सुरू होतो. इच्छास्वातंत्र्य असते की नसते हे ठरायच्या आधी, आपल्या समाजात ते कोणाच्या नावावर केव्हा मांडले जाते, हा हिशेब आपण तपासला पाहिजे.

हिशेब असा आहे

पुरुषाने गुन्हा केला की तो परिस्थितीने घडलेला असतो. दारू पोटात होती, राग अनावर झाला, बाईनेच चिडवले, शेवटी पुरुषाची जात. बाईवर आपत्ती आली की ती मात्र तिच्या मर्जीने आलेली असते. गेलीच कशाला, ओरडली का नाही, राहिलीच कशाला, सही तिनेच केली ना?

हे आजचे नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला स्वतःचे नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. जिला पुन्हा लग्न करायची मुभा नव्हती आणि मूल घेऊन जगायची सोय नव्हती, त्या बाईच्या निमित्ताने वर्तमानपत्रे स्त्रीजातीच्या अनीतीवर लिहू लागली. मूल एकटीचे नसते हे कोणाला आठवले नाही. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. दोष दोघांत असताना तो एकीच्याच माथी का, हा त्यांचा सवाल होता. तोच आपला आजचा सवाल आहे.

उलट बाजूही पाहा. १९५९ मध्ये मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. ज्युरीतल्या नऊपैकी आठ जणांनी त्यांना निर्दोष म्हटले. ‘गंभीर व अचानक चिथावणी’चा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फेटाळला. मधल्या वेळेत त्यांनी बायकामुलांना सिनेमाला सोडले होते आणि जहाजावरून पिस्तूल आणले होते, भानावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. तरीही लोकांची सहानुभूती त्यांच्याचकडे राहिली आणि १९६४ मध्ये त्यांना माफी मिळाली.

आता याच्या शेजारी मथुरा प्रकरण ठेवा. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाला तिची संमती दिसली. भीतीने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले: अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, सबब आरोपी सुटले. रात्री पोलीस ठाण्यात, दिवे घालवलेल्या जागी, खाकी वर्दीसमोर उभ्या असलेल्या त्या पोरीला न्यायालयाने जेवढे इच्छास्वातंत्र्य बहाल केले, तेवढे तिला आयुष्यात कधीच मिळाले नव्हते. आणि लग्नाच्या बायकोची संमती तर कायदा लग्नाच्या दिवशीच जन्मभराची घेऊन ठेवतो. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याला दिलेली ती सूट कायम आहे.

पिशवी कोणी काढली?

ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल हंगामाआधीच अंगावर असते. एक खाडा झाला की दंड. फडावर संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही. पाळी असो, गर्भ असो, पहाटे तोडणीला लागायचे आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढायचे. अंगावरून जाते म्हणून डॉक्टरकडे गेले तर ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक’ असे सांगितले जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, म्हणजे साधारण सहांतल्या एकीची. प्रत्येकीच्या कागदांत संमतीपत्र असते.

कारखाना म्हणतो, आम्ही सांगितले नाही. मुकादम म्हणतो, बाईचा खाजगी मामला. डॉक्टर सही दाखवतो. कोणी धरून नेले नाही, हे खरेच. पण जिच्यासमोर एका बाजूला दंड आणि उचल, दुसऱ्या बाजूला कॅन्सरची भीती, आणि मधे विश्रांतीचा एकही दिवस नाही, तिने ‘निवडले’ असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

मग बाईला मर्जीच नाही का?

इथे आपल्यातल्याच काही मैत्रिणी चुकीच्या वळणावर जातात. बायकांवर संस्कारच असे झाले आहेत, त्यांना स्वतःची इच्छाच उरलेली नाही, त्यांचे हित आपणच ठरवले पाहिजे, असे त्या म्हणतात. सावध! हे तर स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही म्हणणाऱ्या मनूचेच बोलणे झाले. केरळच्या हादियाने धर्म बदलून आपल्या पसंतीने लग्न केले. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. २०१७ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ते लग्न रद्द केले आणि तिला आईबापांच्या ताब्यात दिले, कारण या वयाची मुलगी दुबळी, तिला कोणीही फसवील. ८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते लग्न पुन्हा वैध ठरवले. म्हणजे बाई सोडून देते तेव्हा ती पूर्ण स्वतंत्र, आणि स्वतःसाठी काही घेते तेव्हा तिला अक्कल नाही!

आपण या दोन्ही गोष्टी नाकारल्या पाहिजेत. बाईला बुद्धी आहे, इच्छा आहे, याबद्दल वाद नाही. भावाला सही देणारी बाई मूर्ख नसते. तिने मनाशी पक्का हिशेब केलेला असतो: वाटा मागितला तर माहेर तुटेल, उद्या नवऱ्याने हाकलले तर जायला दार उरणार नाही. हिशेब बरोबर आहे. हिशेब मांडायला जे आकडे तिला दिले गेले ते खोटे आहेत. म्हणून तपासायची ती तिच्या डोक्याभोवतालची परिस्थिती. प्रश्न साधे आहेत. तिला नाही म्हणता आले असते का? नाही म्हटल्यावर तिला काय भरावे लागले असते? आणि तेव्हा तिच्या बाजूला कोण उभे राहिले असते?

रखमाबाईंचा इतिहास आठवा. अकराव्या वर्षी लावलेले लग्न त्यांनी नाकारले. १८८४ मध्ये नवऱ्याने नांदायला येण्यासाठी दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने सांगितले, महिन्याच्या आत नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग. १८८८ मध्ये नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन माघार घेतली आणि रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. धैर्य त्यांचे होतेच. पण त्यांच्यामागे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी दिलेले शिक्षण आणि घर होते, पाठीराख्यांची समिती होती. इच्छेला असे पाठबळ लागते. ते देणे हेच संघटनेचे काम.

आणि पुरावा कोणी द्यायचा? १८७२ च्या करार कायद्याचे कलम १६ सांगते: दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकेल अशा माणसाने केलेला व्यवहार उघड अन्यायाचा दिसला, तर आपण अवाजवी प्रभाव टाकला नाही हे त्यानेच सिद्ध करायचे. मथुरेनंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्कारासाठी साक्ष कायद्यात बदल झाला: शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच धरून चालायचे. मग हेच तत्त्व हक्कसोडपत्राला का नको? सहीआधी बाईला एकटीला भेटून वकिलाने तिच्या वाट्याची किंमत सांगावी, विचाराला मुदत मिळावी, आणि मर्जी होती हे वाटा घेणाऱ्या भावाने सिद्ध करावे. पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे आणि त्याचा खर्च कारखान्याने द्यावा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत ‘तिने स्वखुशीने केले’ असे कोणी म्हणाले, तर बाईकडे वळून पाहू नका. तिच्या खुशीने ज्याचा फायदा झाला त्याला उभे करा आणि त्याला विचारा.