आधी सहा मुले, मग इमारत

मदीनेत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या मशिदीला लागून एक ओटा होता, सुफ्फा. घरदार नसलेले सहाबा तिथे राहत, तिथेच जेवत आणि शिकत. निवासी शिक्षणाची आपली परंपरा इतकी जुनी आहे.

महाराष्ट्रात तिचे मोठे उदाहरण अक्कलकुव्यात दिसते. १९७९ साली मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी सहा विद्यार्थी आणि एक शिक्षक घेऊन जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केले. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. हा धुळे जिल्ह्यातला आदिवासी तालुका होता. सुरुवात दीनी तालीमने झाली. पुढे त्याच संस्थेने शाळा, आयटीआय, बी.एड., फार्मसी, अभियांत्रिकी आणि युनानी महाविद्यालये काढली. जालना जिल्ह्यात बदनापूरला तर वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. २०११ मध्ये देवबंदने मौलानांना मोहतमिम निवडले आणि काही महिन्यांतच वादामुळे ते पद गेले. अक्कलकुव्याचे काम मात्र थांबले नाही. मे २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

धाराशिवच्या तरुणांनी हा इतिहास का वाचावा? नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे चारच जिल्हे आहेत. त्यांत नंदुरबार आहे आणि आपलाही जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात. त्यांच्याबरोबर फडावर गेलेल्या मुलाची शाळा तुटते आणि बऱ्याचदा ती कायमचीच तुटते. अशा मुलाला आधी राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे. ते मिळाले, तर शाळा गावातच आहे.

आपल्याकडे निवासी शिक्षण म्हटले की मदरसाच आठवतो. पण सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ४ टक्के मुले मदरशात शिकतात. बाकीच्यांसाठी आपण काय केले?

त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. भाड्याचे एक घर, जबाबदार गृहपाल आणि स्वयंपाकाची सोय एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मुलांनी दिवसा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जावे. संध्याकाळी कुरआन आणि गृहपाठ. मुलींसाठी वेगळी सोय पहिल्या वर्षापासूनच हवी. 'पुढे बघू' म्हटले की ती राहूनच जाते. गरजू मुलांसाठी जकात कशी वापरायची, हे उलेमांना विचारून ठरवावे आणि दर महिन्याचा हिशोब मशिदीच्या फलकावर लावावा. विश्वास बसला की वर्गणी मागत फिरावे लागत नाही.

मित्रांनो, बैठका पुष्कळ झाल्या. येत्या दिवाळीआधी आपल्या मोहल्ल्यात फिरा आणि कोयत्यामागे जाणारी सहा मुले शोधा. अक्कलकुव्यातही सुरुवातीला सहाच होती.