मुलगी 'गोरीच' हवी?

डहाणू-तलासरीकडे चिकूच्या वाडीत, वीटभट्टीवर उन्हात राबणाऱ्या आपल्या घरांतही सोयरीक जुळवताना 'मुलगी गोरी हवी' ऐकतो, तेव्हा आम्हाला चीड येते. कातडीचा रंग अनेक जनुके ठरवतात. त्यातले एक एसएलसी२४ए५. रंगपेशीच्या आतल्या पडद्यातून सोडियम-कॅल्शियमची ने-आण करणारे प्रथिन ते घडवते. त्याचा रंगाशी संबंध २००५ साली उमगला, तोही एका इवल्या माशावरून! एक अक्षर बदलले की रंग उजळतो. हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांच्या २०१३ सालच्या अभ्यासात दिसले, की हा बदल युरोपीयांत नि भारतीयांत एकाच पूर्वजाकडून आला. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लाहोरच्या न झालेल्या भाषणात मांडले होते. मायबहिणींनो, क्रीमने हे अक्षर बदलत नाही. उलट काही क्रीममध्ये पारा सापडला आहे. तो मूत्रपिंडे नासवतो.