टायर मोठा, काटा खोटा

बिलोली, देगलूर, नायगाव, धर्माबाद या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला पंक्चरच्या टपरीपासून मोठ्या टायरच्या दुकानापर्यंत आपले अनेक बांधव पोट भरतात. कोणी जुने टायर विकतो, कोणी अलाइनमेंट करतो, कोणी गॅरेज चालवतो, तर कोणाची स्वतःची गाडी भाड्याने फिरते. या सर्वांशी संबंध असलेल्या एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष नाही, म्हणून हे चार शब्द.

आजकाल दुकानात एक मागणी वारंवार कानी पडते. "चाचा, जरा चौडे टायर टाका, गाडी उठून दिसली पाहिजे." चाचा रॅकवरून बसेल तो टायर काढतात, तो रिमवर चढतो, मडगार्डला घासत नाही एवढे पाहिले जाते आणि पैसे घेऊन गाडी सोडली जाते. या टायरने गाडीचा काटा आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही बदलले, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. पुष्कळदा सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नसते.

गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून केबल निघते, नव्या गाड्यांत सेन्सर असतो. एका फेरीत गाडी किती पुढे सरकते हे कंपनीने मूळ टायरवरून ठरवून मीटरमध्ये बांधलेले असते. टायर मोठा टाकला तर गाडी एका फेरीत जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने आकडा दाखवतो.

आता हिशेब कसा करायचा ते पाहू. टायरच्या बाजूवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. यातील २१५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ हा रिमचा व्यास, इंचात. उंची दुप्पट करून त्यात रिमचा व्यास (एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर) मिळवला की पूर्ण टायरचा व्यास निघतो.

आपल्या भागात बोलेरो पुष्कळ आहेत. तिचा नेहमीचा टायर २१५/७५ आर १५, म्हणजे व्यास ७०३.५ मिलिमीटर. त्याच रिमवर हौसेने २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास ७३३.५ होतो. फरक फक्त ३० मिलिमीटर, बोटाच्या दोन पेरांएवढा. पण टक्केवारीत तो सव्वाचार टक्क्यांच्या आसपास जातो. काटा ८० दाखवत असेल तेव्हा टायरमुळे खऱ्या वेगात सुमारे साडेतीन किलोमीटरची भर पडते. आणि गाडी खरोखर १०० किलोमीटर चालली तर मीटरवर जेमतेम ९६ पडतात.

हे नुकसान कोणाचे? भाड्याची गाडी महिन्याला ३००० किलोमीटर चालते असे धरा. मीटर २८७७ दाखवील. किलोमीटरला १५ रुपये दर धरला तर मालकाचे महिन्याला सुमारे १८४५ रुपये बुडाले. डिझेल मात्र पूर्ण ३००० किलोमीटरचे जळले. वर तोच मालक मेकॅनिककडे तक्रार घेऊन येतो की गाडीचा अॅव्हरेज गेला. जी गाडी लिटरला १४ देते ती मीटरप्रमाणे १३.४ देताना दिसते. मग नोझल काढा, फिल्टर बदला, पंप तपासा असे सुरू होते. थोडा अॅव्हरेज जड टायरमुळे खरोखर उतरतो, पण बराचसा फरक आकड्यांचाच असतो. मेकॅनिकने आधी टायरची साइज वाचली असती तर दोघांचेही दोन दिवस वाचले असते.

आता उलट बाजू पाहा. स्विफ्ट, डिझायर या गाड्या टॅक्सी म्हणून पुष्कळ चालतात. त्यांच्या अनेक मॉडेलना १६५/८० आर १४ टायर येतो, व्यास ६१९.६ मिलिमीटर. त्याच रिमवर रुंद दिसावा म्हणून १८५/६० आर १४ चढवला तर व्यास ५७७.६ च होतो, कारण रुंदी वाढली तरी भिंत बुटकी झाली. आता गाडी ३०० किलोमीटर चालली तर मीटर ३२२ दाखवील. किलोमीटरमागे १५ रुपयांच्या दराने गिऱ्हाइकाच्या खिशातून ३३० रुपये जास्त जातात.

मालकाला हे ठाऊक नसेल तर ती चूक आहे. ठाऊक असूनही त्याने भाडे घेतले तर ती मापातली खोट आहे. तराजूचा काटा मारणारा आणि मीटरचा काटा खोटा ठेवणारा यांत मला फरक दिसत नाही. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनने किती कडक शब्दांत बजावले आहे, हे आपल्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको. किलोमीटर हेसुद्धा मापच आहे.

येथे काही जाणकार एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, कंपनीचा काटा मुळातच थोडा वाढवून दाखवतो, मग मोठा टायर टाकला तर तो उलट बरोबर होतो. यात तथ्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमावलीत काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असे म्हटले आहे. जास्त दाखवण्याची मर्यादा खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर, म्हणजे खऱ्या ८० ला काटा ९२ पर्यंत गेला तरी चालतो. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढे ठेवतात.

पण ही सवलत काट्यापुरतीच आहे. किलोमीटर मोजणारा आकडा असा मुद्दाम पुढे ठेवलेला नसतो. टायर बदलून काटा सुधारला असे मानले तरी किलोमीटरचा आकडा त्याच वेळी बिघडतो, आणि भाडे, ऑइल बदल, अॅव्हरेज हे सारे त्या आकड्यावरच चालते. शिवाय ती सवलत चालकाच्या सुरक्षेसाठी आहे. ती टायरमध्ये खर्च करून टाकली तर हाती काही उरत नाही.

दुसरा आक्षेप धंद्याचा आहे. "गिऱ्हाईक मागेल ते देणे आपले काम. आपण नाही म्हटले तर तो नांदेडला जाऊन टाकून घेईल." हे खरे आहे, आणि माल परत पाठवणे छोट्या दुकानदाराला परवडत नाही हेही खरे. पण माझे म्हणणे नाही म्हणा असे नाही. सांगून द्या, असे आहे. शिवाय गिऱ्हाइकाची हौसही भागेल आणि काटाही बिघडणार नाही, असा मार्ग बहुतेक वेळा असतो. त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ टायर देते. रिम एक इंचाने मोठा, टायर २० मिलिमीटरने रुंद, तरी व्यास ६२१.५. म्हणजे जुन्या टायरपेक्षा दोन मिलिमीटरचाही फरक नाही. रिम वाढला की भिंत त्या प्रमाणात कमी करायची, एवढेच सूत्र. ज्याला हे सूत्र येते तो दुकानदार गिऱ्हाइकाला नांदेडला जाऊ देणार नाही.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. टायरचा प्रत्येक बदल यात येतो असे नाही. पण कंपनीने त्या गाडीच्या कोणत्याच मॉडेलला न दिलेली साइज टाकली की वादाला जागा होते, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असा वाद फार महाग पडतो.

वेगाच्या दंडाचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीत हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आणि मध्यम व जड वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड ठेवला आहे. बोधन, निजामाबादकडे किंवा देगलूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या चालकाला कॅमेऱ्यासमोर "माझा काटा ८० च दाखवत होता" असे सांगून सुटता येत नाही. कॅमेरा खरा वेग मोजतो. व्यावसायिक गाडीला ८० वर बांधलेला वेग-नियंत्रक असेल आणि तोही चाकाच्या फेऱ्यांवरच चालत असेल, तर मोठा टायर त्यालाही फसवतो.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेली मूळ साइज वाचल्याशिवाय टायर विकू नये. दुसरी, नव्या टायरचा व्यास काढून मूळ व्यासाशी ताडून पाहावा. फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवावा, तीनच्या पुढे गेला तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. मूळ टायरसुद्धा नवा असताना आणि पूर्ण झिजल्यावर यांत दीड-दोन टक्क्यांचा फरक पडतोच, म्हणून त्याहून काटेकोर होण्यात अर्थ नाही. तिसरी, लोड आणि वेगाचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. चौथी, बिलावर जुनी आणि नवी साइज लिहावी. उद्या भांडण झाले तर हाच कागद दुकानदाराच्या बाजूने बोलेल.

ज्याला आकडेमोड नको त्याच्यासाठी खडूचा उपाय आहे. टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूची खूण करा, हवा नीट भरून गाडी सरळ एक पूर्ण फेरी ढकला आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा. हेच मूळ टायरवर आणि नव्या टायरवर केले की फरक समोर दिसतो. गाडी चालवून पाहायची असेल तर मोबाइलमधला उपग्रहाचा वेग आणि मीटरचा आकडा सरळ रस्त्यावर १० किलोमीटर ताडून पाहा.

मोटारसायकलवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की बऱ्याच गाड्यांत काट्याची केबल पुढच्या चाकातून निघते. तेथे मागचा टायर जाड केला तर काटा बदलत नाही, पुढचा बदलला तर बदलतो.

आपल्या कारागिरांच्या हातात हुन्नर आहे, यात शंका नाही. पण आता गिऱ्हाईक मोबाइलवर सारे वाचून दुकानात येते. जो दुकानदार त्याला दोन आकडे मांडून दाखवील, त्याच्याकडे ते पुन्हा येईल. त्यासाठी मशीन घ्यावी लागत नाही. एक टेप, एक खडू आणि पाच मिनिटे वेळ पुरे.