परगावी मांडलेला संसार

नोकरीनिमित्त जर्मनीत गेलेल्या अमेरिकी कुटुंबांना पहिला धक्का बसतो तो रविवारी. बहुतेक दुकानं बंद असतात. रिकाम्या बाटल्या काच गोळा करण्याच्या कुंडीत टाकायलाही त्या दिवशी मनाई, कारण आवाजाने शेजाऱ्यांची विश्रांती मोडते. सिल्वासातल्या किलवणी नाक्याच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या मराठी वाचकांना परक्या रीतींशी अशी तडजोड नवी नाही.

सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासह अनेक मराठी कार्यकर्ते उतरले होते. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि त्यांच्यामागोमाग देशभरची माणसं आली. आज एकाच जिन्यावर उत्तर भारतीय शेजारणीचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो. गुजराती कुटुंबाचं नवं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला, तर आपलं चैत्रात. सणांची वर्गणी, पाण्याची वेळ, मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची, हे सगळं रोज नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

म्हणूनच हा अंक आम्ही या जुळवून घेण्याला वाहिला आहे. ज्यांची ही मूळ भूमी आहे त्या वारली, कोकणा, धोडिया बांधवांना बाहेरून आलेले आपण कसे दिसतो, हेही त्यात आवर्जून विचारलं आहे. आपुलकी दोन्ही बाजूंनी वाढावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

तुमच्या शेजाराने तुम्हाला काय शिकवलं? जरूर लिहून कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.

— संपादक