मुलांच्या स्पर्धा आणि घरचें पाणी

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं मुलुंडच्या एका शाळेंत विद्यार्थ्यांच्या चित्रस्पर्धेचें प्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांस आला. विषय होता ‘पाणी वांचवा’. मुलांचे हात चांगले होते, रंगही प्रसन्न होते. परंतु दहा-बारा चित्रें पाहून झाल्यावर आम्हांस कांहींसें चुकल्यासारखें वाटूं लागलें. बहुतेक सर्व चित्रांत भेगाळलेली जमीन, एक नळ, नळाच्या तोंडाशीं लोंबणारा एकच थेंब, आणि अश्रु ढाळणारी पृथ्वी! ज्या मुलांनीं हीं चित्रें काढिलीं, त्यांच्या गांवावरूनच तानसाचे प्रचंड नळ गेले आहेत, आणि भांडुपचें अवाढव्य जलशुद्धीकरण केंद्र त्यांच्यापासून दोन स्थानकांवर आहे. त्यांतलें एकही कोणाच्या कागदावर उतरलें नव्हतें. जवळच उभ्या असलेल्या एका चुणचुणीत मुलास आम्हीं विचारलें, “बाळ, तुमच्या घरीं पाणी कोठून येतें?” तो म्हणाला, “टाकीतून.” “आणि टाकींत?” “पंपानें.” त्यापुढें विचारल्यावर तो नुसता हंसला. त्याचें उत्तर गच्चीवर जाऊन थांबलें होतें.

वस्तुतः या विषयाच्या अभ्यासाला उपनगरांतल्या मुलांइतकीं भाग्यवान मुलें शोधून सांपडणार नाहींत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानांत तुळशी तलाव आहे; त्याच्या दक्षिणेस विहार. विहारचें पाणी मुंबईला १८६० सालीं मिळूं लागलें, तुळशीचें १८७९ सालीं, आणि तेवढ्यानें शहराची तहान भागेना म्हणून १८९२ सालीं तानसाचें पाणी आलें. पुढें मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ सालीं मध्य वैतरणा, अशी सात तलावांची मालिका पुरी झाली. आज निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचें आहे. आणि ज्या शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा आहेत, त्याच तालुक्यांतले कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसतात! दहिसरची नदी तुळशीपाशीं उगम पावते, मिठी नदी विहार-पवईच्या सांडव्यांतून निघते. कान्हेरीच्या डोंगरांत भिक्षूंनीं पावसाचें पाणी धरण्यासाठीं कातळांत टांकीं खोदलीं. तेथल्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलेलें आहे. रविवारच्या सहलीस मुलें तेथें जातात, वडे खातात, माकडें पाहतात व परत येतात. टांक्यांत कोणी डोकावून पाहत नाहीं.

आमचा स्पर्धांना विरोध आहे असें मात्र कोणी समजूं नये. उलट, चांगली स्पर्धा मुलाला जें शिकवते तें वर्गांत बसून होत नाहीं. मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांच्या संघटनेनें १९८१ सालीं सहावीच्या व नववीच्या मुलांसाठीं डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. तींत आधीं लेखी परीक्षा, मग प्रयोगाची, आणि या चाळण्यांतून जे उरतील त्यांस मुलाखत व आपल्या परिसरांतील एखाद्या प्रश्नावर स्वतः केलेला प्रकल्प. हा शेवटचा भाग आमच्या मतें सर्वांत मोलाचा. दुर्दैवानें आतां या परीक्षांसाठीं खास शिकवण्या निघाल्या आहेत. केंद्र सरकारच्या विज्ञान-खात्याच्या आश्रयानें १९९३ पासून भरूं लागलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची रीतही अशीच. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनीं लहान गट करावयाचे, आपल्याच गांवांतला अथवा वस्तींतला प्रश्न घ्यावयाचा, हिंडून माहिती जमवावयाची, आणि तिची वही ठेवावयाची. २००४ व २००५ या दोन वर्षीं परिषदेचा मुख्य विषय पाणी हाच होता. तिकडे स्टॉकहोम येथें १९९७ पासून पंधरा ते वीस वर्षांच्या मुलांस पाण्यावरील संशोधनासाठीं पारितोषिक देतात. २०१६ सालीं तें थायलंडच्या तीन विद्यार्थ्यांनीं मिळविलें. अननसाच्या कुळांतील कांहीं वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यांत पाणी सांचून राहतें, हें पाहून त्यांनीं रबराच्या झाडांसाठीं पाणी धरून ठेवणारें तसेंच एक साधन केलें.

आमच्या मुलांना पाहण्याजोगें कांहीं नाहीं काय? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला कीं बरोबर एक लिटर पाणी होतें. उपनगरांत जून ते सप्टेंबर सुमारें २२०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दोन लाख वीस हजार लिटर. पांचवा हिस्सा वायां गेला असें धरलें तरी पावणेदोन लाखांवर उरतें. २००२ पासून मुंबई महानगरपालिकेनें मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पर्जन्यजल-संचयाची सक्ती केली. ती व्यवस्था आपल्या इमारतींत आहे काय, आणि असल्यास चालू आहे काय, हें सातवीच्या एखाद्या मुलानें वही-पेन्सिल घेऊन विचारावयास जावें. सोसायटीच्या चिटणिसांना घाम फुटेल. अशी वही खाडाखोडीनें भरलेली असली, तरी परीक्षकांनीं गुळगुळीत कागदावरच्या रंगीत आलेखापेक्षां तिलाच अधिक गुण द्यावेत असें आम्हांस वाटतें.

हें लिहितांना आमच्याच घरची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, आणि ती आम्हांस भूषणावह नाहीं. आमची नात नववींत असतां अशाच एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरींत पोहोंचली. विषय तिनें स्वतः निवडला: आपल्या घरीं रोज किती पाणी लागतें? घरांतील मंडळींस तो फारच किरकोळ वाटला. तिचे काका म्हणाले, नद्याजोडणीवर कर. आत्याला समुद्राचें पाणी गोडें करण्याचा विषय भारदस्त वाटला. पण पोरगी हट्टी. तिनें घरांतल्या बालदीचें माप घेतलें आणि आठ दिवस ती सर्वांच्या मागें लागली. आमच्या स्नानाच्या बालद्या, तिच्या आईच्या स्वयंपाकाचें पाणी, धुण्याचें यंत्र, कुंड्या, कांहीं सुटलें नाहीं. न्हाणीघरांतल्या गळक्या नळाखालीं तिनें तांब्या ठेविला. चोवीस तासांत पावणेपांच लिटर पाणी जमलें. पाणी शुद्ध करण्याचें जें महागडें आरओ यंत्र आम्हीं कौतुकानें बसविलें होतें, तें एक लिटर पाणी देईपर्यंत तीन लिटर मोरींत सोडतें, हेंही तिनेंच मोजून दाखविलें. ज्या पाण्यांत क्षार थोडे, तेथें अशीं यंत्रें बंद करावींत असें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालीं केंद्र सरकारास सांगितलें होतें, आणि आमच्या तलावांचें पाणी त्याच जातीचें आहे, हें आम्हांस तिच्या वहींतून कळलें. एकंदर बेरीज सात माणसांस तेराशें लिटर, म्हणजे माणशीं सुमारें १८५. भुयारी गटारें असलेल्या शहरांसाठीं केंद्र सरकारच्या नियमावलींतला आंकडा आहे १३५.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. परंतु आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी भांडुपच्या टेकडीवर राहतात. एके दिवशीं मुलीनें त्यांनाही विचारलें, “मावशी, तुमच्याकडे किती पाणी लागतं?” त्या म्हणाल्या, “लागतं किती तें कोण मोजतंय? मिळतं बारा हंडे.” पहाटे साडेचारला नळ येतो, तासाभरानें जातो, घरांत माणसें पांच. हंडा पंधरा लिटरचा. तिनें माणशीं ३६ असा आंकडा काढिला आणि आमच्या १८५ च्या समोरच्या पानावर लिहिला.

तें पान आम्हीं काढून टाकावयास सांगितलें. एका घराच्या आंकड्यावरून शास्त्रीय अनुमान निघत नाहीं, असें कारण आम्हीं दिलें. जणूं आमचें घर हें एकच घर नव्हतें! खरी गोष्ट अशी कीं तिऱ्हाईत परीक्षकांपुढें ते दोन आंकडे शेजारीं-शेजारीं उभे राहिलेले आम्हांस पाहवले नसते. आमच्यासारख्या घराण्यांनीं पाण्याला कोणी शिवावें याचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेविला; त्यापायींच २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांना आपल्या हजारों अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्यास जावें लागलें. कोणाला किती मिळतें हा हिशेब मात्र आम्हांस अजून जड जातो.

मुलीनें मुकाट्यानें पान काढिलें. काकांनीं आलेख रंगवून दिले, आणि आरंभीं पाण्याच्या माहात्म्यावर दोन पानें आम्हीं स्वतः लिहून दिलीं. मुलाखतींत परीक्षक बाईंनीं आमचीं दोन पानें न वाचतांच उलटलीं. तांब्याची हकीकत त्यांनीं बारकाईनें विचारली, आणि मग म्हणाल्या, “कमींत कमी किती पाण्यांत एखादं घर चालतं, हें तूं कुठें पाहिलंस का?” मुलीनें बारा हंडे सांगितले. “मग तें इथें लिहिलेलं कां नाहीं?” यावर ती गप्प राहिली. आमचें नांव तिनें घेतलें नाहीं. तिला पदक मिळालें नाहीं. तें याच कारणानें गेलें कीं अन्य कारणानें, हें सांगतां येणार नाहीं. घरीं आल्यावर दोन दिवस ती आमच्याशीं बोलली नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं तिनें तें पान डिंकानें वहींत पुन्हां चिकटविलें.

त्यानंतर न्हाणीघरांतला नळ दुरुस्त झाला आणि यंत्राचें सोडलेलें पाणी फरशी पुसण्यास जाऊं लागलें. मावशींचे हंडे बाराच राहिले. यंदां त्यांचा धाकटा मुलगा सहावींत आहे व त्याच स्पर्धेच्या पहिल्या पेपराला बसणार आहे; संध्याकाळीं आमच्या दिवाणखान्यांत नात त्याची तयारी करून घेते. परवां ती त्याला आपली जुनी वही दाखवीत होती. पोरानें आंकडे वाचले व म्हणाला, “ताई, हें चुकलंय. आई हंडा कधीं पूर्ण भरत नाही. टेकडी चढतांना सांडतं ना!” दुसऱ्या दिवशीं त्यानें घरीं माप घेतलें, हंड्यांत पाणी तेराच लिटर भरलें. मुलीनें ३६ वर काट मारून त्याच्यापुढें ३१ लिहिलें आहे.